नाक्यावर मोजणी कोणाची?

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

हा अभ्यासवर्ग ज्या गावात भरला आहे, त्या गावाच्या नावातच या प्रदेशाचा इतिहास आहे. अलीकडे हिंगोली, म्हणजे निजामाचा मराठवाडा. पलीकडे वाशिम, म्हणजे १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. दोन राजवटींच्या सरहद्दीवर संस्थानाच्या करोडगिरीची नाकी असत. तेथे गाड्या अडविल्या जात, पोती मोजली जात आणि त्या मोजणीवर महसूल ठरे. ही मोजणी रयतेच्या सोयीसाठी नव्हती, दरबारच्या तिजोरीसाठी होती. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील करोडगिरीची नाकी हे स्वातंत्र्यसैनिकांच्या हल्ल्यांचे ठरलेले लक्ष्य झाले.

पुढे सरहद्द गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले आणि १९६० मध्ये ते राज्य महाराष्ट्र झाले. सरहद्द राहिली ती वाशिम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांमधली. कनेरगावच्या नावाला मात्र नाका चिकटून राहिला. आज या भागातून जाणारा रस्ता म्हणजे अकोल्याहून वाशिम, हिंगोलीमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१. या रस्त्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले, आणि चौपदरी रस्ता म्हटला की नवा नाका आला. तो टोलचा. फेब्रुवारी २०२१ पासून तेथे फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी नाक्यातून गेली की तिचा क्रमांक, प्रकार, दिवस आणि वेळ यांची नोंद आपोआप होते.

जुन्या नाक्यावर मोजणारा कारकून डोळ्यांना दिसत असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई. नवा कारकून दिसत नाही. तो कोणाला मोजतो, कोणाला वगळतो आणि त्या मोजणीवर कोट्यवधी रुपयांचे निर्णय कसे घेतले जातात, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो अभियंत्यांचा आहे. परंतु सार्वजनिक पैसा कोठे घालावयाचा हा प्रश्न जेथे येतो, तेथे विषय राजकीय होतो आणि कार्यकर्त्याला त्याकडे पाठ फिरविता येत नाही.

संगणकातला नाका

गेल्या काही वर्षांत महामार्गांवर 'बुद्धिमान वाहतूक व्यवस्था' या नावाने मोठी गुंतवणूक होऊ लागली आहे. वेग टिपणारे कॅमेरे, रस्त्यावरील विजेरी सूचनाफलक, अपघात घडताच नियंत्रणकक्षाला कळविणारी यंत्रे, चालत्या मालमोटारीचे वजन करणारे काटे, वाहतुकीच्या गर्दीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल, हे सारे त्यात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशी यंत्रणा २०२४ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२३ मध्ये आपल्या रस्त्यांवरील अशा यंत्रणेचे निकष नव्याने ठरविले. हे लोण मोठ्या शहरांपुरते राहणार नाही. ते हिंगोलीच्या रस्त्यावरही येईल.

मग प्रश्न असा की, शंभर रुपये असतील तर ते कॅमेऱ्यावर घालावेत, सिग्नलवर घालावेत, रस्त्याखालून जाणाऱ्या भुयारी वाटेवर घालावेत, की रुग्णवाहिकेवर? पूर्वी याचे उत्तर अनुभवाने, अंदाजाने, आणि खरे सांगावयाचे तर पुढाऱ्याच्या वजनाने दिले जाई. आता त्यासाठी संगणकावर वाहतुकीचे प्रतिरूप तयार करतात. अभियंते त्याला ट्रॅफिक सिम्युलेशन म्हणतात.

त्याची रीत समजावयास अवघड नाही. फाट्याचा नकाशा संगणकात घालावयाचा. रस्त्याची रुंदी, वळण, चढ, थांबा, सारे मापाने. मग त्यात एकेक गाडी सोडावयाची. प्रत्येक गाडीच्या चालकाला एक स्वभाव द्यावयाचा: तो मोकळ्या रस्त्यावर किती वेगाने जाऊ पाहतो, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो, आडव्या रस्त्यावरून आत शिरण्यासाठी किती मोकळी फट मिळाली तर धाडस करतो. मग सेकंदाच्या अंशाअंशाने सगळ्या गाड्या पुढे सरकवावयाच्या. या विद्येचा पाया जुना आहे. वाहतुकीला नदीच्या पुरासारखा प्रवाह मानून तिचे गणित लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी १९५५ मध्ये मांडले. पुढच्या गाडीकडे पाहून चालक वेग कसा बदलतो याचे प्रतिरूप जर्मनीत कार्ल्सरूह येथे वीडेमान यांनी १९७४ मध्ये दिले. रस्त्यावर काहीही अडथळा नसताना केवळ एकाने ब्रेक दाबल्यामुळे मागे कोंडी कशी तयार होते, हे नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये अगदी साध्या नियमांवरून दाखविले.

प्रतिरूप तयार झाले की ते खरे आहे का हे तपासावे लागते. प्रत्यक्ष रस्त्यावर गाडीला जो वेळ लागतो, जी रांग लागते, ती संगणकात उतरली पाहिजे. आणि ज्या दिवसाच्या मोजणीवरून प्रतिरूप बसविले, त्याहून निराळ्या दिवशीही ते जुळले पाहिजे. एवढे झाल्यावरच निरनिराळे उपाय त्यात घालून पाहावयाचे. सिग्नल बसविला तर काय होते? उड्डाणपूल केला तर? गावाबाहेरून वळणरस्ता काढला तर? वेगमर्यादा ८० वरून ५० वर आणली तर?

या साधनाचा तिरस्कार करण्याचे काहीच कारण नाही. उड्डाणपूल चुकीच्या जागी बांधला तर तो पाडता येत नाही. संगणकातला पूल एका कळीसरशी पाडता येतो. गरीब देशाला चूक परवडत नाही, म्हणून चूक आधी कागदावर करून पाहण्याचे साधन गरीब देशाला अधिकच हवे. यंत्राला विरोध हा समाजवादाचा अर्थ कधीच नव्हता. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणाच्या हिशेबाने चालते, एवढाच प्रश्न आहे.

माप मोटारीचे

तो हिशेब आता पाहावयाचा. आपल्या रस्त्यांवर मोटार, मालमोटार, दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी सारे एकत्र चालते. या सगळ्यांची बेरीज करावयाची तर एक समान माप हवे. ते माप म्हणजे मोटार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांसंबंधीच्या निकषांत मोटार म्हणजे १, बस किंवा मालमोटार म्हणजे ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर म्हणजे साडेचार, मोटारसायकल म्हणजे अर्धा आणि बैलगाडी म्हणजे ८. सपाट मुलखातील दोन पदरी रस्त्यावर दिवसाला अशी १५,००० मापे झाली की तो भरला असे धरावयाचे. पुढे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र क्षमतासंहिता तयार केली आणि ही मापे वाहतुकीच्या स्थितीप्रमाणे बदलती धरली. जर्मन प्रतिरूपे गाड्या पदरातच चालतात असे गृहीत धरतात. आपल्याकडे तसे होत नाही, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये मिश्र वाहतुकीसाठी निराळे प्रतिरूप बनविले गेले. हे काम मोलाचे आहे.

या आकड्यांत दुष्टावा नाही. बैलगाडी मोटारीच्या आठपट महत्त्वाची आहे असा त्यांचा अर्थ नाही; ती मोटारीच्या आठपट अडथळा करते एवढाच आहे. पण नेमके येथेच थांबून विचार केला पाहिजे. अडथळा कोणाला? मोटारीला. बसमध्ये पन्नास माणसे आहेत की पाच, याची नोंद त्या ३ या आकड्यात नाही. आणि पायी चालणाऱ्या माणसाला तर त्या कोष्टकात आकडाच नाही.

एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका फाट्यावरून तासाभरात शंभर मोटारी सरळ जातात आणि प्रत्येकीत दोन माणसे आहेत. त्याच तासात चार एस.टी. बसगाड्या आडव्या रस्त्याने येऊन वळतात आणि प्रत्येकीत पन्नास माणसे आहेत. सिग्नलची वेळ बदलली आणि प्रत्येक मोटारीचे वीस सेकंद वाचले, प्रत्येक बसचा मात्र एक मिनिट वाया गेला. गाड्यांच्या हिशेबाने २,००० सेकंद वाचले आणि २४० सेकंद गेले; योजना उत्तम ठरली. आता माणसांच्या हिशेबाने पाहावे. मोटारीतील दोनशे माणसांचे मिळून ४,००० सेकंद वाचले. बसमधील दोनशे माणसांचे १२,००० सेकंद गेले. तीच योजना तोट्याची ठरली. रस्ता तोच, सिग्नल तोच, संगणकही तोच. बदलले ते फक्त माप.

त्यावर अर्थशास्त्र्याचा एक संस्कार होतो. वेळेला रुपयांत किंमत द्यावयाची असते आणि ती बहुधा मिळकतीवरून ठरते. त्यामुळे मोटारीतील प्रवाशाचा तास महाग आणि बसमधील प्रवाशाचा तास स्वस्त धरला जातो. ज्याची मजुरी कमी, त्याची वाट पाहणेही स्वस्त! शेतमजूर बाईने रस्ता ओलांडण्यासाठी अर्धा तास ताटकळावे, हा खर्च राष्ट्रीय हिशेबात जवळजवळ दिसतच नाही.

१९६३ मध्ये लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी तीन आण्यांचा प्रश्न उभा केला, तो कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. सरकार पंधरा आण्यांची सरासरी सांगत होते आणि लोहिया विचारत होते की, तळच्या सत्तावीस कोटी माणसांचे काय? सरासरी खोटी नसते. ती माणसाला झाकते. महामार्गावरील 'सरासरी विलंब' हा आकडाही असाच आहे.

जे मरतात ते मोजणीत नाहीत

आता टोलनाक्यावरील नोंदीकडे वळू या. वाहतुकीच्या प्रतिरूपाला खाद्य लागते ते आकड्यांचे, आणि फास्टॅगमुळे आकड्यांचा महापूर आला आहे. ते फुकट मिळतात, चोवीस तास मिळतात. साहजिकच नियोजकाचा ओढा त्यांच्याकडे राहणार. परंतु राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्क नियमांप्रमाणे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना टोल नाही. ही सवलत योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम असा की, जो टोल देत नाही तो नोंदीतही येत नाही. पादचाऱ्याचा तर प्रश्नच नाही.

याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. दोहोंची बेरीज १,०७,७२२, म्हणजे दर शंभर मृतांमागे चौसष्ट. महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४ माणसे गेली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास; पण मृत्यूंपैकी छत्तीस टक्के तेथे झाले.

म्हणजे रस्त्यावर जे सर्वांत अधिक मरतात, तेच टोलच्या मोजणीत नाहीत. जे मोजले जातात त्यांचा वेळ वाचविण्यासाठी जे मोजले जात नाहीत त्यांच्या जिवावर प्रयोग व्हावा, असे कोणी ठरविलेले नसते. पण आकड्यांची निवड आंधळेपणाने केली की ते आपोआप घडते.

महामार्गाचा प्रकल्प-अहवाल करताना हातमोजणीही होते आणि तीत दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाड्या धरतात, हे सांगितले पाहिजे. ही मोजणी साधारणपणे सलग सात दिवसांची असते. पण ते सात दिवस कोणते? या मुलखात दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात येते. हिवाळाभर ऊस कारखान्याकडे जातो आणि एकामागे दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात, मागे दिवा नसताना, रस्त्याने चाललेले असतात. मार्चनंतर हळद निघते आणि हिंगोली, वसमतच्या बाजारांकडे गाड्यांची रीघ लागते. यात्रेच्या दिवसांत औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव येथे माणूस पायी जातो. शाळा भरते आणि सुटते त्या अर्ध्या तासातला रस्ता निराळा असतो आणि भर दुपारचा निराळा. जूनमधील सात दिवसांवरून बारा महिन्यांचा निवाडा केला तर संगणकाचा त्यात काय दोष?

पायी माणसाचे गणितही फार मोठे नाही. चौपदरी रस्त्याची एक बाजू सुमारे सात मीटर रुंद असते. नियोजक पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे ओलांडण्यास सहा सेकंद लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेवढ्यात सुमारे १६० मीटर कापते. डोक्यावर भारा असलेली म्हातारी सेकंदाला ०.८ मीटरने चालली, तर तिला जवळजवळ नऊ सेकंद लागतात आणि मोटार तेवढ्यात सुमारे २४० मीटर येते. तेवढ्या अंतरावरची मोटार किती वेगाने येते आहे, हे तिला डोळ्यांनी ओळखावयाचे असते. हेच ओलांडणे दुभाजकापाशी थांबून तिला पुन्हा करावयाचे असते. संगणकात म्हातारी घातलीच नाही, तर रस्ता सुरळीत वाहताना दिसेल. ती घातली, तर ती रस्त्याकडेला किती वेळ उभी राहते हे दिसेल आणि मग भुयारी वाटेचा खर्च चैन वाटणार नाही.

अपघात होण्याची वाट पाहणारी व्यवस्था

या शास्त्राचा खरा उपयोग येथे आहे. सरकारी व्याख्येप्रमाणे महामार्गाचा पाचशे मीटरचा टापू 'काळा ठिपका' ठरतो, तो तीन वर्षांत तेथे मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे मेली तर. व्याख्या कामाची आहे. पण तिचा अर्थ असा की, नववा मृत्यू झाला तरी तेवढ्या कसोटीने ते ठिकाण निर्धोकच राहते! सुधारणेसाठी पैसे मिळावयाचे तर गावाने आधी बळी मोजून दिले पाहिजेत.

नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात निराळी दिशा घेतली गेली. महापालिकेच्या बसगाड्यांवर पुढील धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसविले आणि जेथे धडक थोडक्यात टळते अशी ठिकाणे, म्हणजे काळे होऊ घातलेले ठिपके, शोधण्याचा यत्न झाला. संगणकीय प्रतिरूपातही थोडक्यात टळलेल्या धडका मोजता येतात. त्याला मर्यादा आहे. संगणकातला चालक दारू पीत नाही, पेंगत नाही, उलट दिशेने येत नाही. त्याला जसे वागावयास सांगितले तसा तो वागतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बसला आग लागून पंचवीस प्रवासी गेले, त्यासारखी घटना कोणतेही प्रतिरूप वर्तवू शकत नाही. परंतु आडव्या रस्त्यावरची फट अपुरी आहे, थांब्याची जागा वळणावर आहे, ट्रॅक्टरला वळण्यास जागा नाही, एवढे ते निश्चित सांगते. आणि त्यासाठी दहा चिता पेटण्याची वाट पाहावी लागत नाही.

अशा रीतीने पाहिले म्हणजे गुंतवणुकीचा क्रमही बदलतो. नियंत्रणकक्षातील पडद्यांची भिंत उद्घाटनाला शोभून दिसते. पण अपघात कळल्यानंतर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते, यावर जीव अवलंबून असतो. रुग्णवाहिका कोठे उभी ठेवावी हेही प्रतिरूपावरून ठरविता येते. वेग टिपणारा कॅमेरा शंभर गावांना वाटून देण्यापेक्षा, पादचारी आणि महामार्ग यांची गाठ पडते तेथे तो बसविला तर एकाच खर्चात जीव वाचतात. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाईवर येते, हे शाळेतले पदार्थविज्ञान आहे. त्याला बुद्धिमान यंत्रणेचीही गरज नाही. कधी कधी प्रतिरूप असेही सांगेल की यंत्र नको, दिवा हवा. फलक नको, बसथांबा शंभर मीटर पुढे हवा. हे उत्तर कंत्राटदाराला आवडणार नाही. म्हणूनच ते लोकांसमोर आले पाहिजे.

वळणरस्त्याचा प्रश्नही असाच आहे. गावाबाहेरून रस्ता काढला की मालमोटारी गावातून जात नाहीत, धूळ आणि धोका कमी होतो, हे खरे. पण एस.टी.ही बाहेरूनच निघून गेली तर? मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, ७५ वर्षांवरील वृद्धांना त्याआधीच मोफत प्रवास मिळाला. सवलत हातात आहे. पण बस दोन किलोमीटर दूर उड्डाणपुलावरून गेली, तर त्या सवलतीचे मोल काय? महामार्गावर चार मिनिटे वाचली, गावातून फाट्यापर्यंत चालण्यात चाळीस मिनिटे गेली. हे दोन्ही आकडे एकाच ताळेबंदात मांडले गेले पाहिजेत.

गावापासून मोजणारे नियोजन

असे मोजणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला इतिहासाचा दाखला द्यावा. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते-आराखडा १९४३ मध्ये नागपुरात झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरला. तो काळ परकीय सत्तेचा होता. तरीही त्या नागपूर योजनेने एक कसोटी लावली: विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. म्हणजे मोजणीचा आरंभ खेड्यापासून होता. रस्ता खेड्यापासून किती दूर, हे विचारले गेले. पुढे १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्रातील विभागांचा अनुशेष मोजला, त्याची बेरीज ३,१८६ कोटी रुपयांच्या वर गेली, आणि त्यात रस्ते हे एक क्षेत्र होते. त्या मोजणीमुळे मराठवाड्याला आपली मागणी आकड्यांत मांडता आली. आकडे दुबळ्याचेही शस्त्र होऊ शकतात, हे त्या समितीने दाखविले. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील लाखो हातांनी खडी फोडून रस्ते केले. ज्यांनी रस्ते केले त्यांनाच रस्त्यावरून चालण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार नाही काय?

हा प्रश्न एका फाट्यापुरता नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या नियोजित बारा जिल्ह्यांत हिंगोली होता. सुमारे ८०२ किलोमीटरच्या या मार्गाच्या आखणीसाठी आणि भूसंपादनासाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली, आणि अनेक जिल्ह्यांत शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना दुसरा समांतर मार्ग कशाला, हा त्यांचा सवाल आहे. हा सवाल केवळ घोषणेने सुटत नाही आणि दडपणानेही सुटत नाही. असलेल्या रस्त्यावर किती क्षमता शिल्लक आहे, नव्यावर कोण आणि किती जाईल, आणि तोच पैसा जिल्हा रस्ते, एस.टी. आणि पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग यांवर घातला तर काय होईल, हे तिन्ही पर्याय एकाच प्रतिरूपात, एकाच मापाने, लोकांसमोर तपासता येतात. शेतकऱ्याची जमीन घेण्याआधी एवढे करणे हे शासनाचे किमान कर्तव्य आहे.

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, महामार्गावरील कोणत्याही बुद्धिमान यंत्रणेवर पैसा खर्च करण्याआधी त्या जागेचे प्रतिरूप तयार व्हावे आणि त्यात पादचारी, दुचाकी, ट्रॅक्टर आणि एस.टी. प्रवासी धरलेच पाहिजेत. दुसरी, निष्कर्ष गाड्यांच्या नव्हे, माणसांच्या मापाने मांडावेत आणि सर्वांच्या वेळेची किंमत सारखी धरावी. तिसरी, मोजणी हंगामाहंगामाला व्हावी. चौथी, प्रतिरूपातील गृहीते मराठीत छापून ग्रामसभेपुढे ठेवावीत. माहिती अधिकार कायद्याचे २००५ मधील चौथे कलम शासनाला महत्त्वाच्या निर्णयांची कारणे आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगते. ही मागणी त्या कायद्याच्या चौकटीतलीच आहे. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव हा पहिला खांब होता. गावाला रस्त्याखाली घालणारा निर्णय गावाला न विचारता व्हावा, हे त्या कल्पनेच्या उलट आहे.

पण मागण्या करून घरी बसणे पुरेसे नाही. हे साधन आता फार महाग राहिलेले नाही. जर्मनीच्या अवकाश संशोधन संस्थेने २००१ पासून विकसित केलेले 'सुमो' हे प्रतिरूप कोणालाही मोफत वापरता येते. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा अशाच कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हाताशी धरून एका फाट्याचे प्रतिरूप बनविणे अशक्य नाही. त्यासाठी लागणारी मोजणी मात्र कार्यकर्त्यांनीच केली पाहिजे, कारण फाट्यावर कोण केव्हा येते हे त्यांना ठाऊक आहे. पहाटे दुधाचे कॅन घेऊन जाणारी दुचाकी, दहा वाजता शाळेकडे जाणारी मुले, संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या बाया, रात्रीचा उसाचा ट्रॅक्टर. एक वही, एक घड्याळ आणि पाळीपाळीने बसणारी चार माणसे, एवढ्यावर हे काम होते. सोयाबीनच्या हंगामात एक आठवडा, हळदीच्या हंगामात एक आठवडा आणि यात्रेच्या दिवसांत एक आठवडा. वर्षाअखेर त्या वहीत जे असेल ते टोलनाक्याच्या नोंदीत नसेल.

मित्रहो, ही वही घेऊन कार्यकर्ता जिल्हाधिकाऱ्यासमोर उभा राहिला, तर त्याला केवळ तक्रार करणारा म्हणून परत पाठविता येणार नाही. त्याच्या हातात तेच शास्त्र असेल ज्याच्या आधारे निर्णय होतात. फक्त त्यात माणसे भरलेली असतील. एके काळी या सरहद्दीवर रयतेचे धान्य दरबारासाठी मोजले गेले. आता महामार्गावर गाड्या तिजोरीसाठी मोजल्या जातात. नाक्यावर माणसे माणसांसाठी मोजली जावीत, हे काम अजून व्हावयाचे आहे. त्याची सुरुवात येत्या हंगामात, याच फाट्यावर करता येईल.